एक बोट जादा

पँट शिवणाऱ्याने स्वतःचे पाय कुणाला दाखवू नयेत, असा काही धंद्याचा नियम नाही. मास्तरांनी मात्र तो जन्मभर निष्ठेने पाळला होता. घरात पायजमा, दुकानात पँट, आजारपणात पांघरूण. लग्नानंतर बायकोला दाखवावे लागले तेव्हा ती बिचारी एवढेच म्हणाली, "अहो, चालताना दुखत नाही ना?" ती गेल्यानंतर त्या पायांना साक्षीदार उरला नव्हता.

पाय गुडघ्यांपाशी बाहेर वळलेले होते. टाचा जुळवून उभे राहिले, तर मधून एक मध्यम कलिंगड आरामात गेले असते. कलिंगडाचे हे माप मास्तरांनी स्वतःच ठरवले होते. लोकांनी करण्याआधी आपणच आपली थट्टा करून ठेवावी, म्हणजे लोकांना फारसे काम उरत नाही, हे शहाणपण त्यांना शाळेतच आले होते. तिथे त्यांचे नाव 'कमान'. एकदा संघात माणूस कमी पडला म्हणून त्यांना फुटबॉलचा गोल अडवायला उभे केले होते. पहिलाच चेंडू कुठेही न शिवता दोन पायांच्या मधून आत गेला. तेवढ्यावर त्यांची क्रीडा-कारकीर्द आटोपली.

अशा माणसाने खरे तर टोप्या शिवायच्या. पण ज्याचे दुखते त्यालाच पट्टी बांधता येते. आतल्या शिवणीला गुडघ्याच्या जरा वरपासून एक बोट जादा कापड सोडायचे, तिथे अस्तराच्या आत बकरमची कडक पट्टी लपवायची, आणि इस्त्रीची घडी पायाच्या नव्हे, जमिनीच्या हिशेबाने पाडायची. एवढे केले की कसलाही पाय ओळंब्यात दिसे. ही युक्ती त्यांनी आधी स्वतःवर चालवली, मग गिऱ्हाइकांवर. फेंगड्या पायांची माणसे दूरदूरच्या गल्ल्यांतून येत आणि आरशापुढे उभी राहून स्वतःवरच खूश होत. "मास्तर, तुमच्या हातात जादू आहे," असे कुणी म्हटले की मास्तर नम्रपणे मान खाली घालत. मान खाली घातली की आपली इस्त्रीची घडीही तपासून होई.

दुकानाला रस्त्याच्या बाजूने मोठी खिडकी होती आणि तिच्या काचांना आतून खाकी कागद डकवलेला होता. दिवसा बारा वाजताही आत दिवा लागे. मास्तरांच्या आईवडिलांचे कापडाचे दुकान होते, तिथेही असाच कागद होता. "ऊन लागलं की रंग उडतो," हे आईचे वाक्य. ती ते ताग्यांबद्दल म्हणे आणि ताग्यांच्या मधल्या फळीवर निजवलेल्या आपल्या मुलाबद्दलही म्हणे. कापडाचा रंग टिकला. मुलाचाही टिकला. मुलगा अडीच वर्षांचा होईपर्यंत चालला नाही, तेव्हा "शांत आहे हो, अगदी शांत," असे आई आल्यागेल्याला कौतुकाने सांगत असे.

आता त्याच रीतीने मास्तरांची नात दुकानात वाढत होती. जावई परगावी नोकरीला. मुलगी पाणीपट्टीच्या कचेरीत. सकाळी जायची, संध्याकाळी परतायची. नात चार महिन्यांची झाली तशी तिची गादी कापणीच्या टेबलाखालच्या रुंद फळीवर आली. तिला सगळे गुंडी म्हणत. गोल, गुबगुबीत आणि कुठेही टाकली तर तिथेच पडून राहणारी. जन्मानंतर दवाखान्यातून दिलेल्या थेंबांची पहिली बाटली संपली आणि दुसरी आणायची राहून गेली. गुंडीला पहिले पाऊल टाकायला दीड वर्ष उलटून गेले. टाकले तेही बदकासारखे डुलत. मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवून टाळ्या वाजवल्या होत्या.

मग त्यांनी तिच्यासाठी पहिली पँट बेतली. माप घेताना फीत आतून एक सांगत होती, बाहेरून एक. मास्तरांनी खडू उचलला आणि आतल्या शिवणीला एक बोट जादा सोडले. मनात काही आले नाही, असे नाही. आले, पण हात पुढे होता आणि मन मागून लंगडत येत होते. पँट चढवली. गुंडी आरशापुढे सरळसोट उभी राहिली.

"अगं बाई, कशी शिपायासारखी उभी आहे!" मुलगी म्हणाली.

मास्तरांनी याला कला मानले आणि पाठोपाठ आणखी तीन पँटी शिवल्या.

गुंडीला दोन वर्षे पुरी व्हायला दोन महिने असताना मास्तरांच्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. टेबलाशी तासभर उभे राहणेही होईना. शेवटी एका सकाळी मुलीने गुंडीला शेजारणीकडे सोपवले, मास्तरांना हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यापाशी उतरवले आणि ती कचेरीला गेली. डॉक्टरीणबाई मुलीच्याच वयाच्या होत्या.

"काका, पँट काढून झोपा."

"गुडघ्यापर्यंत वर केली तर नाही का चालणार?"

"मला पाय बघायचेत, पँट नाही."

"पँट बघण्यासारखी आहे, म्हणून म्हटलं."

बाई हसल्या नाहीत. मास्तर पडद्याआड गेले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी एका परक्या माणसापुढे उघड्या पायांनी आले. बाईंनी पायांकडे पाहिले, मग खुंटीवरच्या पँटीकडे, मग पुन्हा पायांकडे.

"तुम्ही आत आलात तेव्हा मला सरळ दिसले होते!"

"तोच तर माझा धंदा आहे."

"लहानपणी मुडदूस झाला होता का?"

"आमच्याकडे त्याला शांत स्वभाव म्हणायचे."

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. अंगावर ऊन पडले नाही आणि औषधातूनही मिळाले नाही, तर मुलाला ड जीवनसत्त्व कमी पडते, त्या म्हणाल्या. मग हाडांत चुना, म्हणजे कॅल्शियम, नीट भरत नाही, ती मऊ राहतात, आणि मूल उभे राहिले की त्याच्याच वजनाने वाकतात. "पुढे हाड घट्ट झालं, पण वाकलेलंच घट्ट झालं. सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर. पन्नास वर्षांत ती बाजू झिजून गेली."

मास्तरांना हे लगेच कळले. तिरके बेतलेले कापड कितीही चांगले शिवले तरी एकाच जागी विरते, हे गिऱ्हाइकांना समजावण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"तेव्हा कुणी बघितलं असतं तर?"

"लहान वयात औषध मिळालं तर पुष्कळदा हाड वाढता वाढता सरळ होतं. तुमचं आता व्यायाम, गोळ्या, आणि नाहीच भागलं तर शस्त्रक्रिया." लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारले, "घरात लहान मूल आहे कुणी?"

"नात आहे."

"चालायला कधी लागली?"

मास्तरांनी सांगितले.

"दिवसभर असते कुठे?"

"माझ्यापाशी. दुकानात."

"ऊन येतं तिथे?"

"छे! कागद लावलाय. ऊन लागलं की—"

आजवर त्यांनी स्वतःची भरपूर थट्टा केली होती. या वेळी हाताशी एकही विनोद सापडेना.

"लहान मुलांचे पाय थोडे वाकडे असतातच," बाई म्हणाल्या. "तिला बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. पण या आठवड्यात आणा. आणि काका, साध्या फ्रॉकमध्ये आणा."

संध्याकाळी मुलगी दुकानात आली तेव्हा गुंडी शिपायाच्या पवित्र्यात उभी राहून रिकाम्या रिळांची रांग लावत होती.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"गुंडीला घेऊन या म्हणाल्या."

"गुडघा तुमचा आणि बोलावलं तिला?"

"तिचे पाय दाखवायला हवेत. वाकताहेत ते."

"बाबा!" मुलीने पर्स टेबलावर आपटली. "दवाखान्यात गेलं की तुम्ही सगळ्या जगाचं दुखणं घेऊन येता. सरळ तर आहेत! बघा ना, कशी उभी आहे."

"ती नाही उभी. पँट उभी आहे."

मुलीला काही कळले नाही. मास्तरांनी टेबलाच्या खणातून गुंडीची दुसरी पँट काढली, उलटी केली आणि ब्लेडने आतली शिवण उसवली. एरवी गिऱ्हाइकाने उसवायला आणलेल्या कपड्यावर ते अर्धा तास कुरकुरत. आता टरटर आवाज करत बोटभर रुंदीची बकरमची पट्टी बाहेर आली. त्यांनी ती टेबलावर ठेवली. दुसऱ्या पायातली काढून तिच्या शेजारी ठेवली.

मुलीने एक पट्टी उचलून वाकवून पाहिली. "अंघोळ घालताना मला वाटायचं, वाकडे आहेत," ती हळूच म्हणाली. "कपडे घातले की सरळ दिसायचे. म्हटलं, माझेच डोळे. रोज वाटायचं, आणि रोज म्हणायचे." मग तिचा आवाज चढला. "का केलंत असं? कुणी सांगितलं होतं?"

याला उत्तर होते, पण ते तोंडाने देण्यासारखे नव्हते. मास्तर ट्रायलच्या पडद्याआड गेले. दवाखान्यात परक्या बाईपुढे लागला नव्हता इतका वेळ त्यांना आता लागला. बाहेर आले तेव्हा अंगात सदरा होता, खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती आणि तिच्याखाली कमान होती.

मुलीने तोंडावर हात ठेवला. बत्तीस वर्षे एका घरात राहून ती आपल्या बापाचे पाय आज प्रथमच बघत होती.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी माप घेतलं नाहीस." विनोद आपोआप आला होता, मास्तरांनी तो परत घेतला. "लाज वाटायची गं. माझी झाकता झाकता तिचीही झाकली. हाताला दुसरं येतच नाही काही."

एवढ्यात गुंडीने रिळांचे काम सोडून आजोबांच्या पायांची पाहणी केली, आणि ती डुलत डुलत दोन गुडघ्यांच्या मधून पलीकडे गेली. तिथून वळून पुन्हा अलीकडे आली. मुलगी रडत होती ती हसायला लागली, आणि हसू आले म्हणून आणखी चिडली.

"उद्या रजा टाकते," ती म्हणाली. "आणि तुम्ही आधी पँट घाला. गिऱ्हाईक येईल."

गुंडीच्या मनगटाची क्ष-किरण छबी निघाली, रक्त तपासले. मुडदूसच होता, पण बाईंच्या म्हणण्याप्रमाणे वेळेत ध्यानात आला होता. चुन्याचे औषध आणि जीवनसत्त्वाचे थेंब सुरू झाले. थेंबांची बाटली मास्तरांच्या ताब्यात देण्यात आली, आणि मुलगी रोज तिच्यातली पातळी तपासू लागली. विश्वासाचा उसवलेला टाका परत घालायला वेळ लागतो, हे मास्तर जाणून होते. त्यांनी तक्रार केली नाही.

खिडकीचा कागद त्यांनी स्वतः खरवडून काढला. पंधरा दिवसांत समोरच्या तपकिरी ताग्यावर फिकट पट्टा उठला. "मास्तर, रंग उडाला की हो तुमचा!" एक जुने गिऱ्हाईक म्हणाले. "उडू दे," मास्तर म्हणाले, "पुष्कळ वर्षं जपला." बंद काचेतून आलेले ऊन हाडांच्या फारसे कामाचे नाही, असे बाईंनी बजावल्यामुळे सकाळी ते गुंडीला घेऊन पायरीवर बसू लागले. ती फ्रॉकमध्ये आणि ते गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत. तिला एकटीला उघड्या पायांनी बसवणे त्यांना बरे दिसेना. रस्त्याने जाणारे पाहत. ज्यांनी त्यांच्याकडून जादूच्या पँटी शिवून घेतल्या होत्या, ते जरा जास्त वेळ पाहत आणि काही न बोलता पुढे जात.

दहा महिन्यांनी बाईंनी नवी छबी उजेडावर धरली आणि पायांवरून हात फिरवला. "छान. अजून थोडं आहे, पण जाईल," त्या म्हणाल्या. "औषध मी सांगेपर्यंत थांबवायचं नाही."

त्या दुपारी मास्तरांनी गुंडीला टेबलावर उभे केले. ती मोठी झाली होती, जुन्या पँटी आखूड झाल्या होत्या. त्यांनी आतून फीत लावली, बाहेरून लावली, आकडे कापडाच्या कडेला लिहिले आणि खडूने आतली रेघ ओढली. रेघ ओढून झाल्यावर त्यांनी पाहिले तर हाताने सवयीने एक बोट जादा सोडलेच होते.

मास्तरांनी ती रेघ तळव्याने पुसली, खडू झटकला, आणि मापाप्रमाणे दुसरी ओढली.