नवसाबाई परत का आली

प्रतिभा खैरनार मॅडमचं डोकं दर जानेवारीत दुखायला लागायचं, ते परीक्षा संपल्यावरच थांबायचं. नाशिकच्या त्यांच्या कॉलेजात तृतीय वर्ष मराठीला कथालेखनाचा मोठा प्रकल्प होता. मुलं कथा लिहायची, नाही असं नाही. पण नायिका दुसऱ्याच पानावर कॅन्सरने जायची, नायक कलेक्टर होऊन गावात परतायचा. यंदा तर दोन कथांचं पहिलं वाक्य शब्दाशब्दाने सारखं होतं.

"ज्ञानेश, ही 'तांबूस सांजवेळ' तुझी का रे?"

"हो मॅडम."

"मग ती समर्थच्या कथेत काय करतेय?"

ज्ञानेशने समर्थकडे पाहिलं. समर्थने मोबाइल बाकाखाली सरकवला. मॅडमना काय ते समजलं.

सल्ले देऊन त्यांचा घसा बसायचा. लिहिलेलं मोठ्याने वाचा, जीभ अडखळेल तिथं वाक्य मोडा. पाहिलेल्या माणसावर लिहा, सिरियलमधल्या नको. पात्राला रडवण्याआधी त्याच्या हाताला काहीतरी काम द्या. आणि सगळ्यांत लाडका सल्ला म्हणजे, कारण द्या. तरुणपणी मॅडम एकांकिका स्पर्धा गाजवायच्या. ग्रीसपेंटचा वास, विंगेतली ढकलाढकली, तिसरी घंटा, काय दिवस होते ते. दिग्दर्शक त्यांना खुर्चीवरून खिडकीपर्यंत पुन्हा पुन्हा चालायला लावायचा आणि दर वेळी विचारायचा, "का उठलीस?" पात्र विनाकारण उठलं की प्रेक्षक खोकायला लागतात, हे त्यांनी रंगमंचावर उभं राहून ऐकलं होतं. तो खोकला त्यांच्या कानातून अजून गेला नव्हता.

यंदा एकच कथा वाचून त्यांनी चष्मा काढून पुसला. ती तृप्ती ताजणेची होती. तृप्तीच्या घरी मखमलाबादला झेंडू आणि शेवंतीची शेती. कथा तिच्या आत्यावर, जिने तिला लहानाची मोठी केली त्या नवसाबाईवर होती. नवसाबाईला सटाण्याला दिलेलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत एका सकाळी ती कांद्याच्या ट्रकमध्ये बसून माहेरी आली, बापाशेजारी फुलबाजारात हार गुंफायला बसली आणि पुन्हा गेलीच नाही. मॅडमनी समासात लाल शाईने लिहिलं, 'ती परत का आली? कारण हवं.'

कारण तृप्तीला ठाऊक नव्हतं. घरात तो विषय कुणी काढत नसे. मग तिने कारण तयार केलं. नवरा दारू पितो, पट्ट्याने मारतो. मॅडम म्हणाल्या, "आता कशी कथा उभी राहिली."

तृप्तीने खबरदारी म्हणून आत्याचं नाव बदलून मालती केलं. बाकी सटाणा तेच, ट्रक तोच, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना दातात सुई धरायची लकबही तीच. कथा तिने वर्गाच्या ग्रुपवर टाकली. वर्गातल्या मनोजचा बाप त्याच बाजारात शेवंती आणायचा. मनोजने त्याला कौतुकाने वाचून दाखवली, आणि दुसऱ्या सकाळी बाजारातल्या बायका येऊन नवसाबाईच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

नवसाबाईने भाचीशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, तेही भिंतीकडे बघून. तृप्ती रडत मॅडमकडे आली. "मी प्रकल्प देत नाही. नापास करा मला."

"नापास करायला मला हौस आहे का?" मॅडम वैतागून उठल्या. "चल, कुठं बसते तुझी आत्या?"

नवसाबाई मोठ्या छत्रीखाली झेंडू ओवत होती. तिने मॅडमना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमीच का पोरांना कथा लिवायला लावनाऱ्या बाई? बसा. त्या कॅरेटवर नको, वलं हाय."

"आत्या, थोडा गैरसमज..."

"गैरसमज कसला? माझ्या नवऱ्यानं, दत्तूनं, मला कधी बोट लावलं नाय. लय गरीब मानूस. सासू हसायची, तरी सकाळी मला च्या करून द्यायचा. आता त्याला दुसऱ्या बायकोची नातवंडं हायेत. त्याचा भाचा हितं फुलं भरायला गाडी आनतो. काल लोकांनी त्या पोराला विचारलं, तुझा मामा बायकोला मारायचा का. पोरगं मान खाली घालून गेलं. ही गोष्ट आता सटान्याला जाऊन दत्तूच्या दारात उभी राहनार."

तृप्तीला वर बघवेना. मॅडमची जीभ मात्र सवयीने वळलीच. "मग तुम्ही परत का आलात?"

"करमलं नाय."

"म्हणजे सासूचा जाच?"

"नाय वो."

"माहेरची आठवण?"

"ती काय सगळ्याच पोरींना येते. तेवढ्यावर कोन येतं का?"

"मग काहीतरी घडलं असेल ना."

"बाई, तुमी माझ्या बापावर गेल्यात," नवसाबाई म्हणाली. "त्यानं हेच विचारलं, मंग भावानं, मंग पंचांनी. मारतो म्हनले असते तर सगळे गप बसले असते. ते काय मला सुचलं नव्हतं? पर त्या मानसावर खोटं कसं घालू? जल्मभर बोलनी खाल्ली, पर त्याला नाव ठिवलं नाय. आन् ह्या पोरीनं चार वळीत त्याला मारकुटा केला."

मॅडमचा वैताग एरवी पोरांवर निघायचा. आज त्याला जायला जागा नव्हती. "तिनं मनानं नाही लिहिलं," त्या म्हणाल्या. "मी कारण मागितलं."

नवसाबाई शेजारच्या चिमणाबाईकडे वळली. "बघ गं. दोघी एवढ्या शिकलेल्या, आन् एक बाई आपली आपन उठून आली, हे दोघींना पटत नाय."

"आत्या, फाडून टाकू का?" तृप्तीने हळूच विचारलं.

"फाडू नको. त्यातला मार काढ. आन् ज्यांनी वाचलंय त्यांना परत वाचायला लाव. मनोजच्या बापाला पयलं. त्या भाच्याला मी सांगते."

तृप्तीने मार काढला, दारूही काढली, कथा पुन्हा ग्रुपवर टाकली आणि मनोजच्या बापाला स्वतः वाचून दाखवली.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी कथा चाळली. "भाषा उत्तम. पण नायिका घर का सोडते? नवऱ्याचं एखादं व्यसन तरी दाखव. इथंच बसून एक परिच्छेद जोड, मी गुण वाढवतो."

मॅडमना वाटलं, जोडून टाक बाई. यांच्याशी कोण वाद घालणार?

"नाही जोडता येणार, सर," तृप्ती म्हणाली. "तो नवरा जिवंत आहे."

"अगं, ही कथा आहे. बातमी नाही."

"आमच्याकडं लोकांनी बातमीसारखीच वाचली, सर."

परीक्षकांनी खांदे उडवले आणि गुण मांडले. ते पाहून मॅडम तणतणतच बाहेर आल्या. "पहिला वर्ग हुकला तुझा. त्या ज्ञानेशच्या सांजवेळेला तुझ्यापेक्षा जास्त दिलेत, कळतंय का?"

"जाऊ द्या, मॅडम. आत्या काल बोलली माझ्याशी."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कथेत मी लय रडते. कमी कर."

"ते मी जानेवारीपासून सांगतेय," मॅडम म्हणाल्या. "पण माझं कोण ऐकतं."