गुरुवारचा रस्ता

पोलीस चौकीत माझा जबाब चालू होता, तेव्हाच हॉस्पिटलमधून फोन आला. हवालदारांनी ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाई, पाणी घेता का?" त्यांनी पाणी विचारलं तेव्हाच मला कळलं, शमीम गेली. आता सात आठवडे झाले. जबाबात लिहिलं गेलं ते सगळं खरं होतं, पण अर्धंच होतं. उरलेलं इथे लिहिते आहे.

शमीम आणि मी भोसरीतल्या एका शेडमध्ये गाड्यांचं वायरिंग जोडायचो, एकाच टेबलावर समोरासमोर. ती तिशीची, मी सेहेचाळीसची. राहायला दोघी आकुर्डीत. तिच्या अब्बांचं तिथेच सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. ती रोज सायकलने वेळेवर यायची आणि मी दोन शेअर रिक्षा बदलून सुपरवायझरची बोलणी खायला उशिरा. एक दिवस म्हणाली, "ताई, रिक्षावाल्याची मनधरणी किती दिवस करणार? सायकल शीक ना." या वयात, या वजनाला? मी हसले. "अब्बांकडे तांदळाची पोती वाहणाऱ्या सायकली येतात. तू काय एवढी मोठी लागून गेलीस!" गोड बोलणं तिला कधी जमलंच नाही.

लाइनवरच्या रेखा आणि मंगलही तयार झाल्या. अब्बांनी आमच्यासाठी तीन जुन्या सायकली घेऊन त्यांचे गिअर काढून टाकले. एक चेन, दोन ब्रेक, बास. "जितकं कमी, तितकं कमी बिघडतं, बेटा," म्हणाले. मग प्रश्न आला, शिकायचं कधी? आमच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी. रस्ते ओस, कंपन्यांची फाटकं बंद, कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपलेली. गुरुवारच हवा, हा हट्ट माझा. कुणी बघणार नाही, एवढाच माझा विचार. धडपडले, गुडघे फोडून घेतले, एकदा थेट नाल्यात गेले. शमीम पोट धरधरून हसली आणि मग तिनेच मला ओढून काढलं. ज्या दिवशी पाय न टेकता अख्खा रस्ता पार केला, त्या दिवशी घरी जाऊन मी एकटीच रडले... आनंदाने. लग्नानंतर असं काही माझं स्वतःचं घडलंच नव्हतं.

पण कामाच्या दिवशी सायकल काढायची म्हटलं की मी काहीतरी कारण काढायची. पाय दुखतोय, पाहुणे आलेत. सहा महिने हेच. माझ्यासाठी रेखा आणि मंगलही थांबून राहिल्या. शेवटी शमीम भडकली. "ताई, तू सायकल शिकलीच नाहीस. तू नुसता गुरुवार शिकलीस." मला राग आला आणि त्या रागातच मी म्हटलं, उद्याच निघू.

तो शुक्रवार. पहिल्या शिफ्टची वेळ, बस, टेम्पो, बाइकचा नुसता लोंढा. रेखा-मंगल पुढे, मी कडेने आणि माझ्या उजव्या हाताला शमीम. खरं सांगते, त्या रस्त्यावर एकाही माणसाने आमच्याकडे वळून बघितलं नाही. ज्याला त्याला आपलं हजेरीचं पंचिंग गाठायची घाई. ज्या नजरांना मी सहा महिने घाबरले, त्या नव्हत्याच कुठे.

वाटेत एका कंपनीचं फाटक लागतं. गुरुवारी मी ते कायम बंदच पाहिलेलं, त्यामुळे भिंतच समजून चालले होते. त्या दिवशी ते उघडं होतं आणि मागून आलेला ट्रेलर आत वळायला लागला. "ताई, कडेला!" शमीम ओरडली. गुरुवारी घाबरले की मी असेन तिथे पाय टेकून उभी राहायची. तेच केलं. तिने मला जोरात ढकललं. मी खडीवर पडले आणि ती चाकांकडे... माझ्या कोपराला चार टाके पडले.

रेखाच्या नवऱ्याने सायकल भंगारात दिली, मंगलने गावी पाठवली. माझी जिन्याखाली आहे, तिला हात लावायची हिंमत होत नाही. लाइनवरच्या कुणीही आता सायकलचं नाव काढत नाही. शमीमच्या अब्बांकडे मी एकदा गेले. सगळं सांगितलं, गुरुवारचा हट्ट माझा होता, तेही. ते हातातलं चाक फिरवत राहिले. "माहीत आहे मला," म्हणाले. "घरी बोलायची ती." मग पाना उचलून चाक बसवायला लागले. मीही उठले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मी पुन्हा शेअर रिक्षाने जाते. वळण आलं की माझी मान आपोआप उजव्या खांद्यावरून मागे वळते. शमीमनेच लावलेली सवय, वळताना मागे बघितल्याशिवाय ती पुढे जाऊच द्यायची नाही. रिक्षात त्या सवयीचा काही उपयोग नाही, पण मान ऐकत नाही. परवा शेजारी बसलेल्या मावशींनी विचारलं, "मागनं कोन येतंय व्हय?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "कुणी नाही."