पाडव्याची बोहनी

"बोला ताई, काय देऊ?"

मलप्पा मामांनी हे विचारलं तेव्हा दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्यामुळे चारचौघांत मान राखायचा म्हणून ते असं बोलले, अशी समजूत करून घ्यायलाही मंजुश्रीला जागा उरली नाही. तिला आजवर ‘मंजे’ याशिवाय हाक न मारलेला हा माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, तराजूमागे ताठ बसून, रस्त्यावरून आत आलेल्या बाईशी बोलावं तसा तिच्याशी बोलत होता.

"असं काय करलालाव मामा?"

"गिऱ्हाइकाशी असंच बोलतेत. काय देऊ?"

तिनं तूरडाळ मागितली. मामांनी ती तोलली, पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं, पैसे घेतले आणि सुटे परत दिले. ती पायरी उतरत होती तेव्हा मागून "या परत" असंही म्हणाले.

लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्लीतलं हे किराणा दुकान मंजुश्रीच्या दृष्टीनं फक्त दुकान नव्हतं. भूकंप झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. औशाच्या पुढं त्यांचं दगडमातीच्या माळवदांचं, जड धाब्याच्या घरांचं गाव होतं. आई, बाप, आजी आणि धाकटा भाऊ माळवदाखाली गेले. लाकडी पलंगाखाली झोपायची खोड होती म्हणून ही वाचली. मामा ज्वारीचं पोतं घेऊन टेम्पोनं गावात पोचले ते मेलेल्यांची चौकशी करायला. परतताना भाचीला घेऊन आले.

मदतीच्या ट्रकमधून तिच्या वाट्याला एक निळा स्वेटर आला होता. त्याच्या कॉलरला आतून कुणा दुसऱ्याच मुलीचं नाव शिवलेलं होतं. तिनं तो दोन हिवाळे वापरला. ते नाव तिला अजून पाठ आहे.

लातुरात आल्यावर गल्लीतल्या बायका तिला पांढऱ्या पायाची म्हणू लागल्या. सगळं घर गाडून ही एकटी उरली, आता मलप्पाच्या घरात शिरली. हे मामांच्या कानावर गेलं. त्यांनी भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दुकान उघडलं की ते मंजूला तराजूपाशी उभं करत. दिवसाचा पहिला माल तिच्या हातानं जायचा. ज्याला बोहनी तिच्या हातची नको त्यानं पुढच्या दुकानात जावं. काही गेले. मामांची डाळ चांगली असायची, म्हणून त्यातले बरेच परत आले.

लग्न होऊन ती औसा रोडच्या बाजूला राहायला गेली तरी दिवाळी पाडव्याची बोहनी तिचीच राहिली. फक्त बाजू बदलली. आता ती पहिलं गिऱ्हाईक असायची. सकाळी येऊन पावशेर खोबरं नाहीतर गुळाची ढेप घ्यायची, रुपया मामांच्या हातावर ठेवायची, मगच दुसऱ्या कुणाला माल मिळायचा. हे वर्षानुवर्षं चाललं.

या मधल्या काळात लातुरात क्लासेस आले, क्लासेसमागून मुलं आली आणि मुलांमागून होस्टेलं उभी राहिली. नवरा सिद्धराम एका क्लासच्या ऑफिसात होता. त्या ओळखीवर मंजुश्रीनं घराच्या वरच्या दोन मजल्यांवर डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलींचं होस्टेल काढलं. बाकी होस्टेलवाले महिन्याचा माल पोत्यांनी आणून माळ्यावर टाकत. तिच्या घरात माळाच नव्हता. डोक्याच्या वर वजनदार काही ठेवलेलं तिला चालत नाही. कपाटावर साधी सुटकेससुद्धा नाही. त्यामुळे माल थोडा थोडा आणि सारखा लागायचा.

तिथं ऑनलाइन उपयोगाला आलं. देशभर सगळं विकणारी ती मोठी कंपनी. तिला घरात कुणी नावानं संबोधत नसे, नुसतं ‘ऑनलाइन’ म्हणत. आधी मच्छरदाण्या आल्या, मग फिनेल, साबण, तेल आणि शेवटी डाळ. खोक्यावर छापलेलं असायचं, मंजुश्री सिद्धराम. खोकी ती लगेच फोडत नसे. आधी नाव वाचायची. सिद्धरामला त्याची गंमत वाटे. तिनं त्याला स्वेटरचं कधी सांगितलं नव्हतं.

मामांकडून हिंग, खोबरं आणि पूजेचं सामान तेवढं उरलं. दर सोमवारी तिच्याकडं जेवायला यायचे, स्वयंपाकघरातल्या खोक्यांकडे न बघता जेवायचे आणि जायचे.

मग तो पाडवा आला. दिवाळीच्या सेलमध्ये तिनं होस्टेलसाठी मोठा ग्राइंडर मागवला होता. तो पाडव्याच्याच सकाळी येणार, असा मेसेज आला. आलेल्या माणसाला फोनवरचा नंबर सांगितल्याशिवाय तो देत नाहीत. घरी थांबणं भाग होतं. तिनं दुकानाच्या खात्यावर फोनवरून एकशे एक रुपये पाठवले आणि बोहनी झाली असं धरून चालली. खातं मामेभाऊ रविकिरणच्या फोनला जोडलेलं होतं. रविकिरण सासुरवाडीला उदगीरला गेला होता. पैसे आल्याचं त्यानं बघितलं आणि फोन खिशात टाकला.

मामा सकाळपासून तराजूला हळदकुंकू वाहून बसले होते. गिऱ्हाइकं येत होती. "जरा थांबा, भाची येऊ द्या," असं म्हणत ते परतवत होते. दुपारी शेजारच्या भांडीवाल्यानं फोन लावून दिला तेव्हा मंजुश्री म्हणाली, "मामा, बोहनी तर सकाळीच पाठवली की! रव्याला विचारा. मी पार्सलसाठी थांबलाव."

मामांनी फोन भांडीवाल्याच्या हातात दिला आणि शटर ओढलं. त्या पाडव्याला दुकानाची बोहनी झाली नाही. त्यानंतरच्या सोमवारी मामा जेवायला आले नाहीत. पुढच्याही सोमवारी नाहीत. म्हणून ती डाळ घ्यायच्या निमित्तानं गेली, आणि तिला ‘बोला ताई’ ऐकायला मिळालं.

घरी येऊन तिनं फोनमधून ऑनलाइनचं ॲप काढून टाकलं. सिद्धराम बघत होता.

"तुझ्या एका घरानं कंपनीचं दिवाळं निघणार हाय का?"

"कंपनीचं मला काय करायचंय?"

"मग मामाला जाऊन सांग की, सोडलाव म्हणून. पेढे वाटतील."

तिनं मामांना सांगितलं नाही. नुसती जात राहिली. आठवड्यातून तीनदा, पिशवी घेऊन, रिक्षानं. मामांकडं सगळं मिळत नव्हतं. मच्छर मारायची रॅकेट मागितली तर ते म्हणाले, "आम्ही ठेवत न्हाव. तुमच्या कंपनीकडं मिळंल." मग ती गोलाईत चार दुकानं फिरायची, माल घासाघीस करून आणायची आणि घरी आल्यावर ग्राइंडर लावायची. तो चांगला होता. त्याची तक्रार करायला तिला काही सापडत नव्हतं.

येळवस आली. लातूरकडं त्या अमावास्येला माणसं शेतावर जातात आणि शहरात चिटपाखरू राहत नाही. चाकूरजवळच्या मामांच्या शेतात कडब्याची कोपी उभी करायची आणि त्या दिवशीची भज्जी, म्हणजे पालेभाज्या आणि शेंगदाण्यांची पातळ भाजी, मंजूनं ढवळायची, हे ठरलेलं. यंदा रविकिरणचा फोन आला. "अप्पा म्हणालेत, पाहुण्यांनी सहकुटुंब यावं."

ती गेली. चुलीकडं वळली तेव्हा मामा म्हणाले, "तुम्ही बसा. पाहुण्यांनी काम करू नये." तिला सतरंजीवर बसवलं. पहिलं ताट तिला वाढलं, आंबिलीचा पहिला पेलाही तिलाच. सगळ्यांनी आग्रह केला. ती जेवली. परतीच्या वाटेवर जीपमध्ये सिद्धराम म्हणाला, "एवढा मान तर जावयालाही मिळाला न्हाई." ती बाहेर बघत होती.

होस्टेलच्या मुलींनाही तिनं सांगून बघितलं होतं की, इथं पार्सलं मागवू नका. भोकरची पंचशीला सगळ्यांच्या वतीनं बोलली. "मॅडम, तुम्ही सोडलं म्हणून आम्ही का सोडायचं? माझी आई भोकरहून येऊन माझ्यासाठी दुकानं फिरणार हाय का? रविवारी टेस्ट असती माझी." पार्सलं येत राहिली. ती सही करून घ्यायची आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवायची.

उन्हाळ्यात एकदा ती दुकानात गेली तेव्हा रविकिरण टेपनं भिंत मोजत होता. मामा नव्हते.

"काय करलालास रव्या?"

"बघलालाव नुसतं." त्यानं टेप गुंडाळला. "अक्का, तुझ्या एकटीच्या डाळीवर दुकान चालत न्हाई. अप्पाला हे कळतंय. तुलाच कळंना."

"म्हणजे?"

"म्हणजे काही न्हाई. डाळ किती देऊ?"

तिनं आणखी विचारायला हवं होतं. पण पाडवा येईल, या वर्षी आपण वेळेवर जाऊ, मामा रुपया घेतील आणि मग सगळं रांगेला लागेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. त्या हिशेबात टेप बसत नव्हता, म्हणून तिनं तो बाजूला ठेवला.

पाडव्याला ती उजाडताच निघाली. नवी साडी, मुठीत रुपया. गल्लीत दुकानाची जुनी पाटी तशीच होती. शटर अर्धं वर होतं. खाली वाकून आत बघितलं तर तराजू नव्हता. डाळींचे डबे नव्हते. भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि त्यांवर खोकी. तीच तपकिरी खोकी, तीच छापील पट्टी. रविकिरण हातातल्या यंत्रानं एकेकाचा शिक्का वाचत होता आणि यंत्र टुंक टुंक वाजत होतं. मांडणीचा वरचा खण त्याच्या डोक्याच्या बराच वर होता. तिनं आत पाय टाकला नाही.

मामा बाहेर भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. विभूती लावलेली. हात मांडीवर मोकळे.

"मामा, बोहनी."

"कशाची? हितं आता काही विकत न्हाईत. नुसतं पोचवतेत."

"मला सांगायचं तरी."

"तुला सांगून काय व्हतंय? तू त्या कंपनीचं सोडलीस, रव्यानं धरलं." मामांनी गल्लीच्या तोंडाकडं बघितलं. "वर्षभर येत होतीस. दिसत होतं मला. आंधळा न्हाव मी."

ते ‘तू’ म्हणाले हे तिच्या ध्यानात आलं. बोललं तर ते पुन्हा ‘तुम्ही’वर जातील अशी तिला भीती वाटली.

"अक्का, बरं झालं आलीस," रविकिरण शटरखालून वाकून बाहेर आला. त्याच्या हातात लहानसं खोकं होतं. "हे तुझ्याच होस्टेलचं हाय. पंचशीला, भोकरची. अजून हितंच हाय का ती?"

"हाय. यंदा पुन्हा बसणार हाय परीक्षेला."

"आमची गाडी आज उशिरा निघणार. जाता जाता नेतीस का?"

तिनं मामांकडं बघितलं. नाही म्हणायला हवं होतं, आणि ते मामांनी म्हणावं असं तिला वाटत होतं.

मामांनी खोक्याकडं बघितलं. मग म्हणाले, "ने मंजे. आजचं पहिलं हाय. तुझ्या हातानं निघू दे."

रविकिरणनं यंत्र खोक्यावर धरलं. टुंक वाजलं. तिनं एका हातानं खोकं उचलून कडेवर घेतलं, दुसरा हात मामांपुढं केला आणि मूठ उघडली. मामांनी रुपयाकडं बघितलं, तिची बोटं पुन्हा मिटवली आणि हात मागं घेतला.

"सोमवारी येतो जेवायला," ते म्हणाले.

गोलाईत मुहूर्ताची दुकानं उघडत होती. कुणीतरी पायरीवर सडा घालत होतं. मंजुश्री खोकं घेऊन औसा रोडच्या दिशेनं चालू लागली. रिक्षावाल्यानं विचारलं तेव्हा तिनं मानेनंच नको म्हटलं. रुपया मुठीतच होता.