आधी शीटला कूलर, मग माणसाला

मंडळी, आज दुपारी सूनबाईनं हाक मारली, "आई, डाय बिघडली वाटते. सगळे झाकणं सैल होऊन राहिले."

तिचा प्लास्टिकचे डबे बनवायचा घरगुती धंदा आहे; डाय म्हणजे तिच्या प्रेस मशीनमधला झाकणं कापायचा साचा. संध्याकाळी गिऱ्हाईक माल न्यायला येणार होतं. मी विचारलं, "शीट कवा आली वं?"

"आत्ताच. टेम्पोतून उतरवली अन् लगेच प्रेसखाली घेतली."

मे महिन्यात, नागपुरात! उन्हानं शीट पसरते. तशीच कापली की थंड होताना झाकण आखडतं आणि डब्याच्या तोंडात सैल बसतं. त्यात डाय बिचारी काय करेल?

ऐंशी सालाच्या आसपास मी कळमेश्वरला पत्र्याच्या शेडमध्ये प्रेस चालवायची. तिथं कूलर एकच, आणि त्याचं तोंड शीटकडे. नवीन माणूस हटकून तो स्वतःकडे फिरवायचा, मग त्याचा सगळा माल भंगारात.

सूनबाईनं ऐकलं आणि माझ्या खाटेसमोरचा कूलर ढकलत शीटपुढे नेला. नंतर कापलेलं प्रत्येक झाकण चपखल बसलं. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

मी मात्र अजून घामाघूम आहे, कारण उद्याची शीट आली आहे. तुमच्या घरी कूलरचं तोंड कोणाकडे?