होणाऱ्या व्याह्यांच्या हाती मधाची पेटी

माझ्या लेकीचं लग्न ज्या माणसाच्या होकारावर अडलं होतं, त्याला मी मे महिन्याच्या उन्हात मधमाश्यांच्या पेटीत हात घालायला लावला. मयूरी आणि मुलगा एकमेकांना पसंत होते. फक्त मुलाचे वडील एकदा घर पाहायला यायचे होते. आणि त्याच सकाळी, नेरजवळच्या आमच्या दोन एकरांत, मध काढणारा माणूसही यायचा होता. (दोघांना एकच दिवस देण्याची अक्कल अर्थातच माझी!)

दोघांनाही मी फक्त फोनवर ऐकलेलं. त्यात आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस बाहेर पडतो तो तोंडाला दुपट्टा गुंडाळून, वर काळा चष्मा लावून. सख्खा भाऊसुद्धा चपलांवरून ओळखावा लागतो!

मी दोडक्याच्या मांडवाखाली पाणी देत होतो. बांधावरून एक दुपट्टा आला.

"नमस्कार, मी..."

"या भाऊ, या! ऊन चढून राह्यलं ना!" मी त्याच्या हातात धुमसती गोवरी दिली. "पेटी थे काकडीच्या वेलापाशी हाय. पहिले धूर द्या."

"मी देऊ?"

"मंग का मी देऊ? तुमाले बलावलं कायले?"

बिचारा गुमान पेटीकडे निघाला. तेवढ्यात घरातून बायकोचा फोन.

"अवो, पाहुने येऊन बसले न! आमरसाची तिसरी वाटी चालू हाय. पन पोरगा काय करते म्हनलं, तं म्हनते चौथीत हाय!"

"कोन चौथीत?"

"नवरदेव! आन घर पाहा म्हनलं, तं म्हनते घर राहू द्या, पहिले मध काढू!"

मला काही कळेना. पाहुणे घरात आमरस खात असतील, तर काकडीपाशी कोण?

उत्तर किंचाळतच आलं! झाकण उघडं, गोवरी भेंडीत, दुपट्टा वेलावर आणि पाहुणे माझ्याच दिशेने, मागून अख्खं मोहोळ! मीही पळालो. दोघांनी एकदमच पाण्याच्या हौदात उडी घेतली. गळाभर पाण्यात आमची रीतसर ओळख झाली.

"तुमी सांगतलं काहून नाई?"

"तुमी बोलू द्यान तवा सांगन ना! मले वाटलं, मुलाकडचे लोक कामाचे हायत का नाई, थे पाहून राह्यले!"

मला रडू यायचंच बाकी राहिलं. लेकीचं जमलेलं लग्न मी माझ्या हातानं बुडवलं होतं, आणि घरी जाऊन तिला तोंड कसं दाखवायचं तेही कळत नव्हतं.

घरी ओसरीवर मयूरी व्याह्यांच्या सुजलेल्या गालांना चुना लावत होती. मधवाला चौथी वाटी पुढे करून सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता. (त्याला तर आपण कोणाच्या घरी आलो हेच समजेना!) पाहुण्यांचा एकच डोळा उघडत होता. तो त्यांनी माझ्यावर रोखला.

"पोरगी पसंत हाय. लग्न याच महिन्यात उरकू."

माझा कानांवर विश्वास बसेना. "एवढी घाई काहून?"

"अशा बापापाशी तिले जास्त दिवस ठेवनं बरं नाई!"