टेलरकाकांचे सात दाणे

थंडी ओसरली तसे टेलरकाकांनी बटणांच्या डब्यातून घेवड्याचे सात दाणे काढले. काकूंनी वाळवून ठेवलेले हे शेवटचे बी. काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. काकांनी परसातल्या वाफ्यावर टेप धरली, सहा-सहा इंचांवर खुणा केल्या आणि एकेक दाणा असा पुरला, जणू कोटाला बटणंच लावतायत.

इथवर सगळं झकास. पण शंका आली की शिवण उसवून बघायची जन्माची सवय! रोज सकाळी काका एक दाणा उकरून बघत, मोड आलाय का? पाच दिवसांत पाच दाणे वाया गेले.

"अहो काका, पेरलंय की लपवलंय?" शेजारीण कुंपणावरून खिदळली. "जरा दम धरा की!"

"घरात बोलायला कोणी नाही गं," काका म्हणाले. "म्हणून यांनाच विचारतो, येताय का."



आपलाच हात आवरायला काकांनी उरलेल्या दोन दाण्यांवर चाळण पालथी घातली आणि वर जुनी जड इस्त्री ठेवली. नवव्या दिवशी चाळणीखाली एक हिरवी मान वाकून उभी होती.

"अगं, बघितलंस..." काका घराकडे वळून म्हणाले.

मग त्यांनी मापांची वही आणली, काकूंचं पान उघडलं आणि जुन्या मापांखाली लिहिलं: उंची, अर्धा इंच.