धोंड्याखालचं दार

पूर ओसरला की आमच्या गावात काठावरच्या लाकडांवर धोंडे दिसायचे. पारगावच्या वरच्या अंगाला, घोड नदीकाठी आमचं गाव. वाहत आलेला ओंडका ज्यानं ओढून काढला, त्यानं त्यावर धोंडा ठेवायचा. मग तो आठ दिवस तिथंच पडून राहिला तरी कुणी हात लावत नसे. धोंडा काढील तो चोर. एरवी याच गावात विहिरीवरच्या मोटारीची केबल गायब व्हायची, पण धोंड्याखालचं लाकूड कधी गेलं नाही. याचं मला तेव्हाही नवल वाटे, आजही वाटतं.

मी घरातला पहिला पदवीधर. बी.ए.चा निकाल लागला त्या पावसाळ्यात मोठा पूर आला. वडिलांनी बाभळीच्या दोन ओंडक्यांबरोबर दाराची एक फळीही काढली. जुनं सागवान, पितळी कडी, वर शेंदरी रंगात लिहिलेलं ‘लाभ’. तिच्यावरही त्यांनी धोंडा ठेवला. ही कुणाची तरी वस्तू आहे, पोलीस पाटलांना कळवायला हवं, असं मी शिकल्यासवरल्या सुरात सांगितलं. ज्याची असंल तो येईल इचारत, एवढंच ते म्हणाले.

चौथ्या दिवशी मालक आला. वरच्या बाजारगावातले भांड्यांचे व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ बोलायचे आमच्यासारखंच. पुरानं त्यांच्या दुकानाच्या दाराची एक फळी उखडून नेली होती. आत तांब्यापितळेचा सगळा माल चिखलात आणि दुकान सताड उघडं. म्हणून तीन दिवस ते उंबऱ्यातच बसून होते. ना घरी झोप, ना आंघोळ. शेजाऱ्याला तासाभरासाठी बसवून ते नदीकाठानं फळी शोधत निघाले होते.

फळी दिसताच त्यांनी धोंडा उचलून बाजूला टाकला आणि ती ओढायला लागले. माणसं जमली. कुणीतरी ‘चोर’ म्हणालं. शेठ संतापले. तीन दिवस दुकान उघडं टाकल्यासारखं झालंय आणि मलाच चोर म्हणता?

“शुभ तुमच्याकडं ऱ्हायलं शेठ, लाभ आमच्याकडं आला,” गर्दीतला एक म्हणाला. लोक हसले, शेठ हसले नाहीत.

तेवढ्यात वडील आले. “धोंडा कुणी काढला?”

“मी. दार माझं आहे.”

“दार तुमचंच हाय. पण धोंडा माझा हाय, शेठ.”

मला वाटलं, आता भांडण पेटणार. पण शेठ वाकले, धोंडा उचलला आणि होता तिथं ठेवला. “भाऊ, एवढी फळी द्या. दुकान सोडून हलता येत नाय मला.”

वडिलांनी लगेच धोंडा काढला आणि बैलगाडी जुंपायला सांगितली. शेठ काही देऊ लागले, ते त्यांनी घेतलं नाही.

दुकानात पोचलो, तर फळी पाण्यानं फुगलेली. चौकटीत बसेना. सुताराला पेठेत घरोघरी कामं. तो म्हणाला, उद्या येतो. शेठ मटकन उंबऱ्यावर बसले. वडिलांनी पायताण काढून बाजूला ठेवलं आणि त्यांच्याशेजारी बसत म्हणाले, “तुमी घरी जा. जेवा, झोपा. मी हाय हितं.”

शेठनी चिखलातल्या भांड्यांकडे पाहिलं, मग वडिलांकडे. आणि उठून घरी गेले.